हा आकडा नक्की कोणाचा? रिॲक्टमधली स्टेट, प्रॉप्स आणि हँडलर

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)



आमच्या टीममध्ये नवीन आलेली मुलं-मुली पहिल्या महिन्यात एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, एका कॉम्पोनंटमधली व्हॅल्यू दुसऱ्या कॉम्पोनंटमध्ये कशी न्यायची?" आणि त्याला जोडूनच, "बटण आत आहे, पण ते दाबल्यावर बदल बाहेर व्हायला हवा, तो कसा करायचा?"

उत्तर तसं दोन वाक्यांचं आहे. माहिती वरून खाली जाते, प्रॉप्समधून. बातमी खालून वर येते, फंक्शनमधून. हे कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडेल, मीही तिथंच वाचलं होतं. पण मला ते खऱ्या अर्थानं समजलं ते एका मावशींच्या दुधाच्या बिलात सव्वाशे रुपये कमी आल्यावर. ती चूक माझ्या कोडची होती. म्हणून आज ती गोष्ट सांगतो, आणि त्या निमित्तानं हा सगळा विषय नीट उलगडून बघू. हा ऑडिओ भाग आहे, त्यामुळे कोड दाखवता येणार नाही, तोंडानंच सांगणार आहे. जमलं तर कागद-पेन जवळ घ्या.

डेअरीचा पडदा

बीटेक होऊन दीडेक वर्ष झालं होतं. मी एका छोट्या कंपनीत होतो आणि आम्ही गावातल्या दूध संकलन केंद्रांसाठी वेब ॲप बनवत होतो. ज्यांनी गावातली डेअरी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. दूध मोजलं जातं, त्यातला थोडा नमुना यंत्रात जातो आणि यंत्र दोन आकडे देतं: फॅट आणि एसएनएफ. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, एसएनएफ म्हणजे स्निग्धता सोडून उरलेले घन पदार्थ. गाईच्या दुधाला साधारण 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया धरून दर ठरतो. फॅट वर गेलं की दर वर, खाली आलं की दर खाली. दर दहा दिवसांनी त्याचं बिल निघतं. अनेक घरांत किराणा, शाळेची फी, औषधं या बिलावर चालतात.

आमच्या ॲपचा पडदा असा होता. डावीकडे उत्पादकांची यादी, प्रत्येकाला एक कोड नंबर. मध्ये नोंदीचा फॉर्म: लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम. वर एक पट्टी, तिच्यात यंत्राकडून आलेला ताजा आकडा. आणि तोच ताजा आकडा खिडकीतल्या मोठ्या बोर्डवरही जायचा, रांगेतल्या माणसाला दिसावा म्हणून.

रिॲक्टच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात वर "संकलन" नावाचा एक कॉम्पोनंट होता. त्याच्या पोटात यादी, फॉर्म, पट्टी आणि बोर्ड असे चार. वरच्याला पालक म्हणू, आतल्या चौघांना मुलं.

प्रॉप्स आणि स्टेट

इथं थोडं थांबून मूळ गोष्ट बघू. कॉम्पोनंट म्हणजे पडद्याचा एक तुकडा बनवून देणारं फंक्शन. त्याला बाहेरून जे मिळतं ते प्रॉप्स. त्याच्या स्वतःच्या लक्षात जे राहतं ती स्टेट. प्रॉप्स फक्त वाचायचे. स्टेट बदलायची, पण तिला मिळालेल्या सेट फंक्शननंच. स्टेट बदलली की रिॲक्ट तो कॉम्पोनंट पुन्हा चालवतं, त्याच्या पोटातले कॉम्पोनंटही पुन्हा चालतात आणि पडद्यावर जेवढा फरक पडला तेवढाच बदल करतं.

आता यादीत कोणीतरी 112 नंबरवर क्लिक केलं. यादी हे मूल आहे. फॉर्मला कळायला हवं की 112 नंबर निवडला. फॉर्म हेही मूलच, म्हणजे ही दोघं भावंडं. भावंडांना एकमेकांशी थेट बोलायला रिॲक्टमध्ये सरळ वाट नाही. मग काय करायचं? निवडलेला नंबर दोघांच्या जवळच्या सामाईक पालकाकडे ठेवायचा. पालक तो नंबर फॉर्मला प्रॉप म्हणून देतो. आणि यादीला देतो एक फंक्शन, की बाबा, कोणी निवडलं की हे चालव. यालाच स्टेट वर उचलणं म्हणतात.

ते फंक्शन म्हणजे हँडलर. ते जन्मतं पालकाकडे, कारण स्टेट पालकाकडे आहे आणि ती बदलण्याचा अधिकारही त्याचाच. मुलाच्या हातात फक्त ते वाजवायची घंटा असते. नावं ठेवायचीही एक रीत आहे. पालकाकडे त्या फंक्शनचं नाव "हँडल"नं सुरू होतं, जसं हँडल-निवड. मुलाला देताना त्या प्रॉपचं नाव "ऑन"नं सुरू होतं, जसं ऑन-निवड. कोड वाचताना "ऑन" दिसलं की समजायचं, इथून बातमी वर जाते. "हँडल" दिसलं की समजायचं, बातमी आल्यावर काय करायचं ते इथं ठरतं.

या नावांवरून एक गोष्ट लक्षात घ्या. यादीला माहीत नाही की तिच्या बातमीचं पुढं काय होणार. फॉर्म उघडेल, की दुसरं पान उघडेल, की नुसता आवाज होईल. तिला एवढंच माहीत की 112 वर क्लिक झालं. त्यामुळे तीच यादी उद्या बिलाच्या पानावरही वापरता येते.

गोल कंसाची चूक

हँडलर देताना नव्वद टक्के नवीन लोक जिथं अडकतात, ते आधी सांगून टाकतो. नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे हं, मोजलेला नाही.

बटणाला ऑनक्लिक द्यायचं असतं, तेव्हा आपण फंक्शनचं नाव देतो. हँडल-सेव्ह, बस्स. पुढे गोल कंस नाहीत. गोल कंस लावले की त्याचा अर्थ होतो, "हे फंक्शन आत्ताच चालव." म्हणजे बटण दाबायच्या आधीच, पडदा बनताना ते चालणार. आणि त्यात स्टेट बदलत असेल तर पडदा पुन्हा बनणार, ते पुन्हा चालणार, स्टेट पुन्हा बदलणार. शेवटी रिॲक्ट वैतागून एरर देतं की फार वेळा रेंडर होतंय.

मग नंबर कसा पाठवायचा? हँडल-निवडला 112 तर द्यायलाच हवा. अशा वेळी एक छोटं ॲरो फंक्शन लिहायचं: क्लिक झाल्यावर हँडल-निवड चालव, आणि त्याला 112 दे. म्हणजे आपण फंक्शन देतोय, फंक्शनचं उत्तर नाही. एखाद्याला फोन नंबर लिहून देणं वेगळं आणि तिथल्या तिथं फोन लावून देणं वेगळं, एवढाच फरक.

दुसरी चूक आमच्याच यादीत झाली होती. प्रत्येक ओळीवर क्लिक केलं की उत्पादक निवडला जायचा. त्याच ओळीत कोपऱ्यात "काढा" असं बटण होतं. ते दाबलं की नाव निघायचं, पण निघता निघता त्याच नावाचा फॉर्मही उघडायचा. कारण ब्राउझरमधला क्लिक आतल्या घटकापासून बाहेरच्या घटकांकडे वर चढत जातो. बटणावरचा क्लिक हा ओळीवरचाही क्लिक ठरतो. तिथं बटणाच्या हँडलरमध्ये इव्हेंटची स्टॉप-प्रोपगेशन ही मेथड चालवावी लागली. यातून एक लक्षात ठेवा: ब्राउझरचा क्लिक आपोआप वर चढतो, पण आपण बनवलेलं ऑन-निवड आपोआप कुठंही जात नाही. ज्यानं ते दिलं त्याच्याकडेच जातं, आणि मधल्या कॉम्पोनंटनं पुढं द्यायचं विसरलं तर तिथंच अडकतं.

आता माझी चूक

फॉर्ममधल्या फॅटच्या पेटीकडे येऊ. यंत्राचा आकडा पालकाच्या स्टेटमध्ये यायचा. पालक तो फॉर्मला प्रॉप म्हणून द्यायचा. पण कधी कधी यंत्र बिघडतं, नमुना दुसऱ्यांदा तपासावा लागतो, म्हणून क्लार्कला तो आकडा हातानं बदलता यायला हवा होता. मी काय केलं? फॉर्ममध्ये यूजस्टेट लिहिलं आणि सुरुवातीची किंमत म्हणून तो प्रॉप दिला. पेटीत दिसणार ती फॉर्मची स्वतःची स्टेट. क्लार्कनं टाइप केलं की ती बदलणार. सेव्ह केलं की तीच नोंदवली जाणार. किती सोपं!

ऑफिसमध्ये तपासलं, चाललं. यंत्राचा आकडा आला, मग कोड नंबर टाकला, फॉर्म उघडला, पेटीत बरोबर आकडा. सेव्ह. फॉर्म बंद. पुढचा. पन्नास वेळा केलं, पन्नास वेळा बरोबर.

डेअरीत मात्र सकाळी साडेसहाला रांग दारापर्यंत जाते. क्लार्क यंत्राची वाट बघत बसत नाही. माणूस समोर आला की तो आधी कोड नंबर टाकतो, नमुना यंत्रात तोवर फिरत असतो. म्हणजे फॉर्म आधी उघडायचा आणि आकडा दहा-पंधरा सेकंदांनी यायचा. फॉर्म उघडला त्या क्षणी पालकाकडे कोणता आकडा होता? मागच्या माणसाचा. मी तो नोंद झाल्यावर पुसलाच नव्हता. यूजस्टेटनं तो उचलून पेटीत ठेवला. मग नवा आकडा आला, प्रॉप बदलला, फॉर्म पुन्हा रेंडरही झाला. पण यूजस्टेटला दिलेली सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या रेंडरला वापरली जाते. पुढच्या प्रत्येक वेळी रिॲक्ट तिच्याकडे दुर्लक्ष करतं. पेटीत मागच्या माणसाचं फॅट तसंच बसून राहिलं.

वरच्या पट्टीत 4.2. खिडकीतल्या बोर्डवर 4.2. आणि पेटीत 3.5. एकाच पडद्यावर एकाच गोष्टीचे दोन आकडे, आणि सेव्ह होत होता तो चुकीचा. क्लार्कचं लक्ष लिटरवर असायचं, कारण तेवढंच त्याला हातानं भरायचं होतं.

हे पकडलं ते त्या मावशींनी. आम्ही बिलं निघायच्या दिवशी केंद्रावर गेलो होतो. त्यांच्याकडे जुनं पुठ्ठ्याचं कार्ड होतं. संगणक आला म्हणून त्यांनी ते लिहायचं सोडलं नव्हतं. रोज बोर्डवर दिसेल तो आकडा त्या कार्डावर लिहायच्या. त्यांनी कार्ड आणि बिल शेजारी शेजारी धरलं आणि मला म्हणाल्या, "आरं पोरा, तुझ्या पाटीवर चार-दोन दिसलं म्हून मी चार-दोन लिवलं. मग बिलात साडेतीन कुनाचं आलं?"

मी म्हणालो, "मावशी, यंत्राचाच आकडा आहे तो, कॉम्प्युटर आपल्या मनानं नाही लिहीत."

त्या म्हणाल्या, "यंतराचा आसंल, पन माझ्या गाईचा न्हाई."

त्यांच्या बोलण्यात बग रिपोर्टच होता, मला तेव्हा कळला नाही. साडेतीन हा खरंच यंत्राचा आकडा होता, आणि खरंच त्यांच्या गाईचा नव्हता. रांगेत त्यांच्या पुढं रोज त्यांची शेजारीण असायची, तिच्या गाईचा होता. त्या केंद्रावर तेव्हा फॅटच्या प्रत्येक 0.1 ला 30 पैसे फरक धरत होते. 3.5 आणि 4.2 मध्ये सात टप्पे, म्हणजे लिटरला 2 रुपये 10 पैसे. साडेसहा लिटरला एका वेळचे 13 रुपये 65 पैसे. दहा दिवसांत असं नऊ वेळा झालं होतं.

एका आकड्याला एकच मालक

रात्री लॉजवर बसून मी कोड उघडला. चूक सापडायला वीस मिनिटं लागली, आणि पहिला उपाय सुचला तोही चुकीचा होता. मला वाटलं, फॉर्ममध्ये यूजइफेक्ट लिहू: प्रॉप बदलला की स्टेटमध्ये नवा आकडा टाक. बरेच जण हेच करतात. पण मग क्लार्क पेटीत हातानं दुरुस्ती करत असताना यंत्रानं आकडा पुन्हा पाठवला तर? त्याची दुरुस्ती पुसली जाणार. एक चूक काढून दुसरी घातल्यासारखं झालं असतं.

मग मी कागद घेतला आणि पडद्यावरच्या प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहिला: हा कोणाचा? म्हणजे याचा मालक कोणता कॉम्पोनंट? ज्याच्यापुढं दोन मालक येतील तिथं चूक आहे.

फॅटपुढं दोन नावं आली, पालक आणि फॉर्म. पण विचार केल्यावर दिसलं की या खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रानं काय सांगितलं ही एक. क्लार्कनं काय दुरुस्ती केली ही दुसरी. दोन्ही पालकाकडे वेगवेगळ्या ठेवल्या. पेटीत काय दिसायचं? दुरुस्ती असेल तर ती, नसेल तर यंत्राचा आकडा. हा तिसरा आकडा कुठंच साठवला नाही, दर रेंडरला काढला. फॉर्मला मिळाले दोन प्रॉप्स: दाखवायचं फॅट, आणि ऑन-फॅट-बदल. फॉर्मची फॅटपुरती स्वतःची स्टेट शून्य. क्लार्कनं टाइप केलं की फॉर्म फक्त वर कळवतो, बदल पालक करतो आणि नवा आकडा फॉर्म, पट्टी, बोर्ड या तिघांकडे एकदमच उतरतो. पट्टी आणि पेटी वेगळं बोलणं आता शक्यच राहिलं नाही.

सेव्ह झाल्यावर पालक दोन्ही पुसतो. नवा माणूस, रिकामी पेटी. आणि यंत्राचा आकडा आल्याशिवाय किंवा क्लार्कनं भरल्याशिवाय सेव्हचं बटण बंद.

रक्कमही मी आधी स्टेटमध्ये ठेवली होती. लिटर बदललं की रक्कम बदल, फॅट बदललं की रक्कम बदल, असे तीन हँडलर लिहिले होते. ती स्टेट काढून टाकली. जे हिशोबानं निघतं ते साठवायचं नाही. लिटर आणि दर हातात आहेत, गुणाकार कर आणि दाखव.

फॉर्मला स्वतःची स्टेट नकोच, असं मात्र नाही. शेरा लिहायची पेटी उघडी आहे की बंद, हे फॉर्मचं खासगी. बाहेर कोणालाच त्याच्याशी देणंघेणं नाही, तर ते आतच राहू दे. सगळंच वर नेलं तर पालकाची माळ्यावरची खोली होते, सगळं सामान तिथं आणि काहीच सापडत नाही. आणि जिथं आतली स्टेट माणूस बदलल्यावर नव्यानं सुरू व्हायला हवी, तिथं फॉर्मला "की" नावाचा प्रॉप उत्पादकाच्या कोड नंबरचा द्यायचा. तो बदलला की रिॲक्ट जुना फॉर्म टाकून नवा उभा करतं, आतल्या सगळ्या स्टेटसकट.

हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्याचं नाही

मला त्या वेळी फार लाज वाटली होती. नंतर वाचनात आलं की हे मोठ्या ठिकाणीही झालंय. रिॲक्ट फेसबुकमध्ये जॉर्डन वॉक या अभियंत्यानं सुरू केलं आणि 2013 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. 2014 मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एका जाहीर भाषणात त्यांच्या चॅटचा किस्सा सांगितला. न वाचलेल्या मेसेजचा लाल आकडा दिसायचा, उघडून बघावं तर नवा मेसेजच नाही. दुरुस्त करायचे, काही दिवसांनी पुन्हा तेच. कारण तीच माहिती पानावर वेगवेगळ्या जागी वेगवेगळी सांभाळली जात होती. त्यावर त्यांनी मांडलेली रचना म्हणजे फ्लक्स: माहिती एकाच दिशेनं वाहणार. 2015 मध्ये आलेलं रिडक्स त्याच विचारातून पुढं आलं.

व्ह्यूमध्ये काम करणाऱ्यांना हे प्रॉप्स आणि एमिट या नावांनी भेटतं, अँग्युलरमध्ये इनपुट आणि आउटपुट म्हणून. नावं वेगळी, पण माहिती खाली आणि बातमी वर हा नियम तोच.

तीन छोट्या सूचना

पहिली. हँडलरच्या आत दिसणारी स्टेट ही त्या रेंडरच्या वेळची असते, फोटोसारखी. "लिटर अधिक एक" असं सेट फंक्शनला एकाच हँडलरमध्ये दोनदा सांगितलं तर दोन लिटर वाढत नाहीत, एकच वाढतो. कारण दोन्ही वेळा जुनंच लिटर वाचलं. जुन्या किमतीवरून नवी काढायची असेल तर सेटला किंमत देऊ नका, फंक्शन द्या: मागची घे, एक मिळव.

दुसरी. नोंदींची यादी स्टेटमध्ये असेल तर तिच्यात पुश करू नका. यादी आतून बदलली तरी रिॲक्टला ती तीच जुनी यादी वाटते आणि पडदा हलत नाही. जुन्या नोंदी आणि नवी नोंद मिळून नवीन ॲरे बनवा आणि ती द्या.

तिसरी. तोच प्रॉप चार-पाच मजले खाली न्यावा लागतो आणि मधल्यांना त्याची काही गरज नसते, तेव्हा कंटाळा येतो. याला प्रॉप ड्रिलिंग म्हणतात. त्यासाठी कॉन्टेक्स्ट आहे, 2018 पासून आत्ताच्या रूपात. पण दोन मजल्यांसाठी तो आणू नका. प्रॉप्समध्ये एक फायदा असतो: आकडा कुठून आला हे बोट ठेवून मागं मागं जाता येतं. चूक शोधताना त्या वाटेची किंमत कळते. आणि कॉन्टेक्स्ट आणला तरी मालक कोण, हा प्रश्न सुटत नाही, तो तुम्हालाच सोडवायचा असतो.

मावशींचं कार्ड

पुढं काय झालं ते सांगून थांबतो. यंत्राची वायर वाचणारा आमचा जो वेगळा प्रोग्राम होता, तो आलेला प्रत्येक आकडा वेळेसकट एका फाइलमध्ये टाकत होता. ती फाइल आणि झालेल्या नोंदी आम्ही ओळीनं ताडून पाहिल्या. साठेक नोंदी चुकल्या होत्या. काहींना कमी पैसे गेले होते, काहींना जास्त. कमी गेले त्यांचा फरक पुढच्या बिलात दिला, जास्त गेले त्यांच्याकडून मागितला नाही, तो कंपनीनं सोसला. केंद्राच्या सचिवांनी मला रांगेसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हिशोब चुकला तो ह्यांच्या प्रोग्रामचा, आपल्या क्लार्कचा नाही, हे तुम्हीच सांगा." सांगितलं. क्लार्कवर लोक संशय घेत होते, त्याला दहा दिवस तो त्रास झाला होता, हे मला तेव्हा कळलं.

नंतर एका मित्रानं मला विचारलं, "तू म्हणतोस एका आकड्याची एकच जागा हवी. मग मावशींचं कार्ड ही दुसरी जागाच की. आणि चूक तर तिच्यामुळेच सापडली."

बरोबर आहे. पण कार्डावरून बिल निघत नव्हतं. कार्ड साक्षीदार होतं. तपासण्यासाठी वेगळी नोंद ठेवणं चांगलंच, आमची ती फाइलही तशीच होती. माझ्या फॉर्ममधली प्रत साक्षीदार नव्हती, ती मालक असल्यासारखी वागत होती आणि मूळ आकडा बदलला तरी तिला पत्ता नव्हता. प्रोग्राममध्ये प्रत बनवताना आधी ठरवा, ही साक्षीला आहे की हिशोबाला. हिशोबाला असेल तर नको.

तेव्हा या आठवड्यात एक करून बघा. तुम्ही बनवलेला कुठलाही एक पडदा घ्या, कागदावर काढा आणि त्यावरच्या प्रत्येक बदलत्या गोष्टीपुढं तिच्या मालकाचं नाव लिहा. एकाच गोष्टीपुढं दोन नावं आली की तिथं थांबा. आणि तुमचं ॲप वापरणारी माणसं कोणत्या क्रमानं बटणं दाबतात ते एकदा शेजारी उभं राहून बघा. मी ते सकाळी साडेसहाला आधीच जाऊन बघितलं असतं, तर पन्नास वेळा उलट्या क्रमानं तपासत बसलो नसतो.

पुढच्या भागात एकाच कॉम्पोनंटमध्ये फार हँडलर झाले की रिड्यूसर कधी आणायचा, यावर बोलू. तुमच्या पडद्यावर दोन मालकांचा आकडा सापडला तर मला जरूर कळवा. भेटूया.